साठीच्या आसपास गड चढताना: आधी उतरायचं कसं ते ठरवा

पन्नाशी-साठीतली माणसं ट्रेकबद्दल विचारतात तेव्हा प्रश्न ठरलेला असतो, "या वयात चढायला जमेल का हो?" दम लागेल, छाती धडधडेल, पोरं पुढे निघून जातील, आपण मागे राहू. माझं म्हणणं असं की चढाचं एवढं टेन्शन घेऊ नका. चढताना दम लागला की माणूस आपोआप थांबतो, पाणी पितो, फोटो काढायच्या निमित्ताने अजून पाच मिनिटं काढतो, फार तर तासभर उशिरा पोचतो, बस. खरी गडबड होते उतरताना. दुपारचं ऊन, पोटात पिठलं-भाकरी, बाटली रिकामी, गुडघे कुरकुरायला लागलेले आणि डोक्यात "आता काय, उतरायचंच तर आहे". मी स्वतः साठी ओलांडलेली बाई आहे, पुण्यात राहते, तरुणपणापासून सह्याद्रीत फिरते आणि हल्ली प्रत्येक ट्रेक उलटा प्लॅन करते, म्हणजे आधी उतरायची वाट, उतरायची वेळ, तोवर पायात काय शिल्लक राहील ते, आणि मग चढ. खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने.

हे असं का, ते थोडक्यात. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकसत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात जात अंगाचं वजन पेलतो, घाट उतरताना ड्रायव्हर ब्रेकवर पाय दाबून असतो तसं. या कामात दम फारसा लागत नाही म्हणून माणूस फसतो, पण स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होत असते आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतात, साठीनंतर जास्तच, आणि त्यातही आधी जाते ती झटकन जोर लावायची ताकद. पाय घसरला की सावरायला नेमकी तीच लागते. जपानचे युइचिरो मिउरा २०१३ मध्ये वयाच्या ८०व्या वर्षी एव्हरेस्टवर पोचले, सगळ्या जगात बातमी झाली, पण उतरताना ते इतके थकले होते की साधारण ६५०० मीटरवरच्या कॅम्पपासून पुढे हेलिकॉप्टरने आले. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, एवढा मोठा गिर्यारोहक असं करतो तर आपण सिंहगडावरून जीपने उतरलो तर काय बिघडलं?

गड तोच, वाट दुसरी

आपल्याकडे एकेका गडाला तीन-चार वाटा असतात हे मोठं भाग्य आहे, आणि वय वाढलं म्हणून गड सोडायची गरज नसते, वाट सोडायची असते. हरिश्चंद्रगडाचं बघा. बेलपाड्याहून नळीची वाट म्हणजे दगडधोंड्यातून दिवसभराची झटापट, खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट त्यापेक्षा बरी पण लांब आणि मध्ये कातळटप्पे, आणि पाचनईची वाट सगळ्यात सोपी, राजूरकडून गाडी थेट पायथ्याला जाते. मंदिर तेच, कोकणकडा तोच. राजगडाला गुंजवण्याहून चोरदरवाज्याची वाट सगळे घेतात कारण जवळची आहे, पण शेवटचा टप्पा उभा, कातळाचा, रेलिंगला धरून. त्यापेक्षा पाली दरवाज्याची वाट घ्या, तो जुना राजमार्ग आहे, रुंद पायऱ्या आहेत, गुडघे तुम्हाला आशीर्वाद देतील. बालेकिल्ल्याचा चढ मात्र दोन्हीकडून आलं तरी तोच आणि शनिवार-रविवारी तिथे वर जाणाऱ्यांची नि खाली येणाऱ्यांची कोंडी होते, तेव्हा गर्दी दिसली तर पद्मावती माचीवर बसून तलाव बघा, संजीवनी माचीपर्यंत निवांत चालत जा, बालेकिल्ला कुठे पळून जात नाही.

हरिहरच्या खड्या पायऱ्यांचे व्हिडिओ बघून खूप जण जातात. चढायला त्या पायऱ्या खरंच मजेच्या आहेत, खोबण्या आहेत, हाताला पकड मिळते. पण उतरायचं तिथूनच, तोंड कातळाकडे करून, पाय कुठे पडतोय ते न दिसता, खालून-वरून माणसं आणि त्यातल्या अर्ध्यांना रील काढायची असते. कुठल्याही गडाबद्दल माहिती काढताना म्हणूनच "चढायला कसा आहे" हे विचारून थांबू नका, "उतरताना कुठे बसावं लागतं, कुठे तोंड फिरवून उतरावं लागतं, घसारा, म्हणजे सुट्या मुरमाचा सरकता उतार, किती लांब आहे" हे विचारा. जो खरंच जाऊन आलाय तो पटकन सांगेल, आणि जो "काय नाय हो, सोप्पंय" म्हणेल त्याचं वय बघून घ्या.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती. चढायचं पायांनी आणि उतरायचं गाडीने. सह्याद्रीत अशा जागा भरपूर आहेत कारण घाटमाथ्यावर रस्ते आहेत आणि कोकणातून वर चढणाऱ्या जुन्या वाटाही अजून जिवंत आहेत. खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकर चढा (शिडी घाट नको, शिड्या आणि दरी दोन्ही बाधतात), वर दर्शन घ्या, एसटीने मंचरमार्गे परत या. श्रावणात आणि शिवरात्रीला मात्र तिकडे फिरकूही नका, गर्दीत जीव नकोसा होतो. वैशाखरेहून नाणेघाट चढा, लेण्यातला सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख बघा, दगडी रांजण बघा, वर गाडी बोलावून ठेवलेली असेल तर घाटघरवरून जुन्नरला जा आणि निवांत जेवा. भिवपुरीहून गार्बेट पॉइंटने माथेरान, आणि खाली दस्तुरी नाक्यावरून टॅक्सीने नेरळ. सिंहगड आतकरवाडीतून चढा, दही खा, शेअर जीपने उतरा. रायगड चित दरवाज्याकडून पायऱ्यांनी चढा आणि रोपवेने उतरा, चार-पाच मिनिटांचा खेळ, फक्त सुट्टीच्या दिवशी रोपवेच्या रांगेतच दोन तास जातात हे धरून चाला. यावर कुणीतरी म्हणणार "ही काय चीटिंग". म्हणू देत. पूर्वी या घाटवाटांनी जाणारा व्यापारीसुद्धा माल पोचवून लगेच त्याच वाटेने धावत परत येत नव्हता.

युनेस्कोच्या यादीत २०२५ मध्ये जे १२ किल्ले आले त्यांची यादी पुढ्यात घेऊन बसलात तरी वर्षभराचा मस्त कार्यक्रम होतो. पन्हाळ्यावर गाडी जाते, प्रतापगड आणि शिवनेरीला पायऱ्या आहेत पण बांधीव, लोहगडालाही तसंच, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी बोटीने, विजयदुर्ग तर चालत चालत. घाम काढणारे म्हणजे राजगड, रायगड, साल्हेर आणि तिकडे तमिळनाडूतला जिंजी. साल्हेर १५६७ मीटरचा, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, त्याला हात घालण्याआधी पुढचा भाग नीट वाचा.

तयारी: लिफ्टने वर जा, जिन्याने खाली या

हो, बरोबर वाचलंत. सगळे सांगतात जिने चढा. चढाच, पण उतरणीची तयारी उतरूनच होते. सोसायटीत लिफ्ट असेल तर लिफ्टने वर जायचं आणि कठड्याला हात ठेवून हळूहळू जिना उतरायचा, प्रत्येक पायरीवर पाय आपटायचा नाही, ठेवायचा. सुरुवातीला तीन-चार मजले पुरे, उत्साहात पहिल्याच दिवशी बारा मजले तीनदा उतरलात तर दोन दिवसांनी कमोडवर बसायची पंचाईत होईल. यात एक छान गोष्ट अशी की स्नायूंनी एकदा अशी उतरणीची मेहनत केली, थोडी दुखली, बरी झाली, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच मेहनतीने ते तेवढे दुखत नाहीत. त्यामुळे ट्रेकच्या आठ-दहा दिवस आधी एक बऱ्यापैकी मोठी उतरण करून ठेवली की काम होतं. पुण्यातल्यांना पर्वती आहे, १०३ पायऱ्या, वर देव आणि वारा. वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे. मुंबईकडच्यांना संजय गांधी उद्यानात कान्हेरीपर्यंतचा रस्ता आणि लेण्यांच्या पायऱ्या आहेत.

घरी करायच्या गोष्टी तीनच सांगते, यादी लांबवली की कुणी करत नाही. एक, खुर्चीसमोर उभं राहून चार आकडे मोजत हळू बसायचं, धपकन नाही, मग उठायचं, असं दहा-बारा वेळा. दोन, जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून एका पायाची टाच हळूच जमिनीला टेकवायची आणि परत वर घ्यायची, कठडा हाताशी हवा. हा व्यायाम म्हणजे हुबेहूब उतरण, फक्त छोट्या आकारात. तीन, एका पायावर उभं राहणं, दात घासताना बेसिनजवळ करा म्हणजे धरायला काहीतरी असतं. दहा सेकंदसुद्धा उभं राहता येत नसेल तर गडाचं नंतर बघू, आधी दोन महिने हेच करा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी, कारण या वयात स्नायू भरून यायला वेळ लागतो आणि रोज रोज केलं तर नुसती झीज होते. गुडघ्याचा नियम साधा ठेवा: व्यायाम करताना थोडं दुखलं आणि संध्याकाळपर्यंत थांबलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावरही दुखतंय किंवा सूज आहे म्हणजे जास्त झालं, कमी करा. गुडघा अडकत असेल, एकदम लचकत असेल तर फिजिओला दाखवा, व्हिडिओ बघून ठरवू नका.

आणि खाणं. आपला नाश्ता म्हणजे पोहे, उपमा, साबुदाणा, चहा-बिस्कीट, म्हणजे प्रोटीनच्या नावाने ठणठणाट. साठीनंतर स्नायू टिकवायला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन हवं असं साधारण सांगतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम, आणि आपण वरण-भातावर ३५-४० ला अडकतो. उसळ, अंडी, दही, पनीर, शेंगदाणे, मासे खात असाल तर मासे, आणि ते तिन्ही वेळच्या खाण्यात विभागून. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

गोळ्यांचा डबा

या वयात आपल्यातल्या बहुतेकांच्या सॅकमध्ये गोळ्या असतात आणि डोंगरात त्या वेगळ्या वागतात, हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, उन्हात घाम जातोय आणि वरून ही गोळी, तर उठताना चक्कर येऊ शकते. मेटोप्रोलोल, एटेनोलोल या जातीच्या गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात ठोके कमी दिसतात म्हणून आपण आरामात आहोत असं समजू नका, बोलताना धाप लागते का ते बघा. शुगरसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर चढाने साखर एकदम उतरू शकते, खिशात, म्हणजे सॅकच्या तळाशी नाही, खिशात, ग्लुकोजची पावडर किंवा साखर हवी. वरची नाडीवाली गोळीही चालू असेल तर साखर उतरल्याची धडधड आणि थरथर नीट जाणवत नाही, त्यामुळे सोबतच्या माणसाला आधीच सांगून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर साधं खरचटलं तरी वाहत राहतं, आणि डोक्याला मार लागला तर "काही झालं नाही" म्हणून सोडायचं नाही, हॉस्पिटलला जायचंच. यातली कुठलीही गोळी ट्रेकसाठी स्वतःच्या मनाने बंद करू नका किंवा वेळ बदलू नका, डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मी सहा तास उन्हात डोंगर चढणार आहे, त्या दिवशी काय करू?" नुसतं "थोडं फिरायला जाते" म्हटलं तर ते हो म्हणणारच ना.

गुडघे दुखू नयेत म्हणून निघतानाच आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊन चढणारे पुष्कळ आहेत. हे अजिबात नको. शरीरात पाणी कमी, बीपीची गोळी चालू आणि वर ही पेनकिलर, या तिघांनी मिळून किडनीला इजा होऊ शकते, शिवाय गुडघा जे सांगतोय ते ऐकूही येत नाही.

छातीचं तर हसण्यावारी नेऊच नका. आपल्या वयात, आणि शुगर असलेल्यांमध्ये आणि बायकांमध्ये जास्तच, हार्टचा त्रास सिनेमासारखा छाती धरून येतो असं नाही. जबडा दुखतो, डावा हात जड होतो, विनाकारण घाम, मळमळ, कधी नव्हे एवढी धाप, आणि आपण म्हणतो "सकाळी मिसळ खाल्ली ना, अ‍ॅसिडिटी असेल". थांबल्यावर बरं वाटतंय आणि चढायला लागलं की परत होतंय, तर ती अ‍ॅसिडिटी नाही असंच धरा आणि तिथेच बसा. १०८ ला फोन. डोंगरातल्या अपघातांसाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, जवळच्या रेस्क्यू टीम्सना तेच हलवतात, त्यांची हेल्पलाइन निघायच्या आधी फोनमध्ये सेव्ह करा कारण वर नेट असेलच असं नाही. बरीच वर्षं खंड पडलाय, घरात हार्टचा इतिहास आहे, बीपी-शुगर आहे, तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांशी बोलून लागली तर टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात ती हार्टची तपासणी, करून घ्या.

बायकांसाठी दोन गोष्टी अजून. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात, एकदा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घ्या, कारण तरुणपणी जिथे नुसतं बुड शेकलं असतं तिथे आता मनगट किंवा खुबा मोडतो. आणि दुसरं, ज्यावर आपण कुणीच बोलत नाही, लघवीला जायला आडोसा मिळणार नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. खोकताना-उतरताना थेंब जातात म्हणूनही पीत नाहीत. यावर व्यायाम आहेत, डॉक्टर आहेत, पॅड आहेत, आणि ग्रुपमध्ये "मला पाच मिनिटं हवीत, तुम्ही पुढे व्हा" एवढं म्हणायला काय लागतं? पाणी मात्र प्या. तसंही वयाबरोबर तहान कळेनाशी होते, त्यामुळे तहान लागली म्हणून नाही, घड्याळ बघून प्यायचं, दर वीस मिनिटांनी चार घोट, मध्ये ओआरएस किंवा मीठ घातलेलं लिंबू सरबत. वाटेतल्या मावशींकडचं ताक तर सोडूच नका.

चष्मा, बूट, काठ्या

चष्म्यावर मी जरा अडून बसते. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्यात खालचा भाग वाचायचा असतो, आणि उतरताना आपण पायाकडे बघतो ते त्याच भागातून, म्हणजे पायरी धूसर आणि जवळ-लांबचा अंदाज चुकलेला. दगड जिथे वाटतो तिथे नसतो. उपाय स्वस्त आहे, नुसता लांबचा नंबर असलेला एक साधा चष्मा ट्रेकसाठी बनवून घ्या, मागे दोरी लावा. मोतीबिंदू पिकत आलाय असं डॉक्टर म्हणाले असतील तर टाळाटाळ नको, पहाटेच्या अंधारात हेडटॉर्चच्या उजेडात ते फार जाणवतं.

बूट: वयाबरोबर पाऊल पसरतं, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा नंबर धरून बसू नका, संध्याकाळी, जाड मोजा घालून माप घ्या आणि अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर उतरताना अंगठे पुढे आपटून नखं काळी पडतात. आदल्या दिवशी नखं काढा. आणि कपाटात चार-पाच वर्षं पडून राहिलेले भारी बूट घालून थेट गडावर जाऊ नका, तळव्यातलं फोम दमट हवेत नुसतं पडून पडूनही कुजतं आणि अर्ध्या वाटेत सोल सुटून येतो. मग दोरीने बांधून उतरणं आलं.

काठ्या दोन घ्या. एक काठी म्हणजे अर्धं काम. चढताना कोपर काटकोनात येईल एवढी उंची, उतरताना पाच-दहा सेंटिमीटर वाढवायची, पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि मग मूठ धरायची. काठी आधी खाली टेकवा, तिच्यावर थोडं वजन द्या, मग पाय. कातळावर रबराचं टोपण, मातीत-मुरमात काढून टाका. आणि जिथे हात लावून उतरायचंय, शिडी आहे, खोबण्या आहेत, तिथे काठ्या मिटून सॅकला बांधा, मनगटाला लटकत ठेवू नका, त्या पायात येतात. नी कॅपबद्दल विचाराल तर उबदार वाटतं, धीर येतो, पण गुडघ्यावरचा भार काही ती उचलत नाही, आणि घट्ट बसली तर पोटरीला मुंग्या येतात. मी वापरत नाही, माझी जाऊ रोज वापरते, दोघींचंही बरं चाललंय.

प्रत्यक्ष त्या दिवशी

शुक्रवारी रात्री ऑफिसातून परस्पर बस, रात्रभर हेलकावे, पहाटे चहा आणि लगेच चढाई, ही पद्धत पंचविशीतल्यांची आहे. झोप न झालेल्या शरीराचा तोल आणि लक्ष दोन्ही कमी असतं आणि त्याचं बिल दुपारी उतरताना येतं. आदल्या दिवशी दुपारी निघा, पायथ्याच्या गावात कुणाकडे तरी राहा, रात्री आठला जेवण, नऊला आडवं, पहाटे साडेपाचला उजेड फुटायच्या आत पाय वाटेला. गावातलाच वाटाड्या घ्या, त्याच्याकडे सॅकमधलं पाणी आणि जड सामान द्या, चार पैसे गावात जातात आणि तुमच्या गुडघ्यावरचे चार किलो कमी होतात. दोघांचा फायदा.

वेळेचा हिशोब करायला १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक नियम दिला, तो अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. हे धडधाकट माणसाचं झालं, आपण त्याला दीडने गुणायचं. म्हणजे ४ किलोमीटरची वाट आणि ६०० मीटर चढ असेल तर त्याचे पावणेदोन-दोन तास, आपले पावणेतीन. आणि उतरायला चढाएवढाच वेळ राखून ठेवा, कमी नाही. तरुण लोक निम्म्यात उतरतात, त्यांना उतरू द्या. मग परत फिरायची वेळ आधीच ठरवा आणि ती पाळा, समजा साडेदहा, तर साडेदहाला दरवाजा समोर दिसत असला तरी वळायचं. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो.

वर पोट भरून जेवू नका. मला माहितीये पिठलं, झुणका, ठेचा, चुलीवरची भाकरी समोर आली की काय होतं, पण अर्धीच खा, उरलेली खाली उतरून. भरल्या पोटी सुस्ती येते. त्यापेक्षा वर अर्धा तास बूट काढून पाय पसरून बसा, मोजे वाळवा, मग निघा.

उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, कधीही ताठ नाही, नजर तीन-चार पावलं पुढे. उभ्या उतारावर सरळ उतरू नका, नागमोडी. घसाऱ्यावर सुट्या मुरमावर पाय सरकतो, तिथे कडेची माती किंवा गवताची बाजू बघा, पण गवत वाळलेलं असेल तर तेही सरकतं. जिथे शंका आली तिथे सरळ खाली बसा, दोन हात मागे टेका आणि बसत बसत उतरा. पँटचं बूड फाटेल, फाटू दे. यात लाज वाटणारे लोकच जास्त पडतात असं माझं पक्कं मत आहे. बोलायचं असेल तर थांबून बोला, फोन घ्यायचा तर थांबून घ्या, चालता चालता मागच्याशी वळून गप्पा मारणं म्हणजे आमंत्रणच.

पावसाळ्यात मी गड करत नाही, शेवाळलेल्या पायऱ्या आणि वीकेंडची जत्रा, दोन्ही नको. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून राजमाचीची लांब पण सपाट वाट तेव्हा छान असते, धबधबे लांबून दिसतात. मार्चनंतर उन्हामुळे माझे ट्रेकच बंद. परफ्यूम, भडक वासाची क्रीम लावून कड्यांखालून जाऊ नका, आग्या मोहोळ असतात, आणि तिथून पळून उतरणं आपल्याच्याने होत नाही.

सोबत कोण

एकटं जायचं नाही, हे सांगायला नको. पण चाळीस जणांच्या पैसे भरून जायच्या ग्रुपमध्येही जपून, तिथे शेवटच्या माणसासाठी थांबणारा लीडर आहे का हे फोनवरच विचारा, आणि माझा वेग हळू आहे हेही आधीच सांगा, संकोच नको. सगळे थांबलेले असतात, आपण धापा टाकत पोचतो आणि आपण पोचताच ते "चला" म्हणून उठतात, म्हणजे त्यांना विश्रांती आणि आपल्याला काहीच नाही, हा अन्याय सगळ्यांनी भोगलाय. पोचल्यावर आपणही दहा मिनिटं बसायचं. ते चिडले तर चिडले. त्यापेक्षा आपल्याच वयाचे चार-सहा जण जमवा, एक वाटाड्या, एक गाडी. घरी मुलांना वाट, गाव, परतायची वेळ आणि वाटाड्याचा नंबर लिहून द्या, मग ते "आई, आता बास कर" म्हणायचं जरा कमी करतात.

काही गोष्टी सोडून द्याव्यात, हेही सांगते. अलंग-मदन-कुलंग, लिंगाणा, असलं मी कधीच सोडलं. दोर आणि हार्नेस लावल्यावर तिथले कातळटप्पे त्या मानाने सुरक्षितच असतात, प्रश्न आधीच्या आणि नंतरच्या अरुंद, दोर नसलेल्या आडव्या वाटांचा आहे, जिथे एक पाऊल चुकलं की सावरायला ती झटकन जोर लावायची ताकद लागते. बदल्यात दुसरं काय काय सुटलं होतं ते सापडतं. गावाबाहेरचे वीरगळ (वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड), गधेगाळ (गाढवाचं चित्र कोरलेले शापाचे दगड), पाण्याची टाकी मोजणं, लेणी, पक्षी. तरुणपणी आपण यांच्या शेजारून धावत गेलेलो असतो.

परत आल्यावर

घरी आल्या आल्या पलंगावर पडून दोन दिवस काढू नका, दुसऱ्या दिवशी सपाटीवर वीस मिनिटं हळू चाला, पाणी आणि प्रोटीन चालू ठेवा. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात, ते ठीक आहे, चौथ्या-पाचव्या दिवशी उतरतं. एकाच सांध्यात टोचत असेल, सूज असेल, एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर मात्र थांबू नका, दाखवा. लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पुढचा मोठा गड तीन-चार आठवड्यांनी, मधल्या काळात टेकडी आणि जिना. आणि कुठे किती वेळ लागला, कुठे पाय थरथरले, किती पाणी लागलं हे वहीत लिहून ठेवा, चढाचं वेगळं, उतरणीचं वेगळं. पुढच्या वेळी कुठली वाट घ्यायची ते त्या दुसऱ्या रकान्यावरून ठरवा.